पडद्यावरची प्रोसिडिंग वही



गटाचं काम हळूहळू मोबाईलवर येऊन बसलं आहे. बैठकीचा निरोप व्हॉट्सॲपवर जातो. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी कुणाच्या तरी कॉलेजातल्या लेकीने करून दिलेल्या गूगल शीटमध्ये असतात. बचत आणि कर्ज सीआरपी ताई लोकोस ॲपमध्ये भरतात. तालुक्याची मीटिंग पडद्यावरच्या छोट्या छोट्या चौकटींत होते. त्यात अधूनमधून कुणी नवं नाव घेऊन येतं आणि म्हणतं, हे वापरा, हे फुकट आहे. मग गटात प्रश्न निघतो, यातलं चांगलं कुठलं?

आज आपण हा प्रश्न जरा मागे जाऊन पाहू. ही साधनं वाटतात तितकी नवी नाहीत. दूर बसलेल्या माणसांनी एकाच वहीत लिहायचं, ही कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे. आणि ती ज्यांनी ज्यांनी उभी केली, ते सगळे एकाच जागी अडखळले. ती जागा आपल्याला चांगली ठाऊक आहे.

आपली प्रोसिडिंग वही आठवा. बैठकीत ती सतरंजीच्या मधोमध असते. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. व्हाइटनर फासलेली वही घेऊन बँकेत गेलं तर साहेबांचा चेहरा कसा होतो, ते सांगायला नको. शेवटी ठराव मोठ्याने वाचतात, म्हणजे जिला अक्षर येत नाही तिच्याही कानावरून तो जातो. मग सह्या, अंगठे, आणि वही पेटीत. सगळ्यांना दिसलं पाहिजे, खोडलेलं कळलं पाहिजे, आणि वही गटाची राहिली पाहिजे. आपल्याकडे हे सतरंजीवर बसून जमलं. संगणकवाल्यांना त्यासाठी बरीच वर्षं लागली.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, ९ डिसेंबर १९६८ रोजी. सॅन फ्रान्सिस्को शहरात डग्लस एंगलबार्ट नावाच्या इंजिनिअरने सुमारे हजार जाणकारांसमोर दीड तास एक प्रयोग करून दाखवला. त्याची प्रयोगशाळा तिथून पन्नासेक किलोमीटर दूर होती. तिथला सहकारी पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होता, बोलत होता, आणि दोघांसमोर एकच कागद उघडा होता. आपण आज व्हिडिओ कॉलवर करतो ते यांनी तेव्हा केलं. संगणकाचा माउसही लोकांनी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिला. मला यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एवढा मोठा विद्वान, एवढी मोठी सभा, आणि पडद्यावर उदाहरण कशाचं? घरच्या बाजाराच्या यादीचं! केळी, गाजर, सूप. त्याने ती यादी वर-खाली केली, भाजी एका जागी आणि बाकीचं दुसऱ्या जागी असे गट पाडले. यादी नीट लावण्याची विद्या बायकांना कुणी शिकवली नाही, पण तिथे ती विज्ञान म्हणून टाळ्या घेऊन गेली.

एंगलबार्टचं यंत्र प्रयोगशाळेतच राहिलं. खरी रोजच्या वापरातली वही निघाली ती इलिनॉय विद्यापीठात. तिथे प्लेटो नावाची संगणकव्यवस्था होती, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी केलेली. पडद्यावर नारिंगी अक्षरं उमटायची. त्या व्यवस्थेत काही बिघडलं तर कळवायला एक उघडी फाइल ठेवली होती. कुणीही यावं, तक्रार लिहावी. बरेचजण खाली नाव-तारीख टाकत, पण ते त्यांच्या मर्जीवर होतं. दुसऱ्याचं नाव टाकलं तरी कुणी अडवत नव्हतं. आणि अधूनमधून कुणीतरी वात्रट पोरगा येऊन सगळी फाइलच पुसून टाकायचा.

विचार करा, चौकात फळा टांगला आहे, शेजारी खडू आणि डस्टर ठेवला आहे, आणि त्यावर गटाचा हिशेब लिहायचा आहे. तशी ती फाइल.

१९७३ साली हे काम डेव्हिड वूली नावाच्या मुलाकडे आलं. वय १७. त्याने जो कार्यक्रम लिहिला, त्याचं नाव साधंच ठेवलं, नोट्स. त्यात प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ यंत्रच टाकायचं. दुसऱ्याच्या नोंदीत कुणाला हात घालता येत नव्हता. बोलायचं असेल तर तिच्याखाली आपलं उत्तर लिहायचं, आणि एका नोंदीखाली ६३ उत्तरं मावत. एवढंच. पण या एवढ्याशाने फरक पडला. आता आपलं लिहिलेलं उद्या तसंच सापडेल याची खात्री झाली, आणि लोक तिथे नुसत्या तक्रारी सोडून गप्पा मारू लागले, सल्ले मागू लागले. १९७६ मध्ये त्यात गटांची सोय झाली. प्रत्येक गटाला एक प्रमुख, आणि कुणी वाचायचं, कुणी लिहायचं हे तो ठरवणार. आज आपण ग्रुपची 'ॲडमिन' म्हणतो ना, तिची ही आजी.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासात या सतरा वर्षांच्या पोराइतकं नेमकं कुणी बोट ठेवलं नाही. त्याने पडदा सुंदर केला नाही, वेग वाढवला नाही. डस्टर काढून घेतला, बस.

त्याच विद्यापीठात रे ओझी नावाचा एक विद्यार्थी ही व्यवस्था वापरून बाहेर पडला. त्याच्या मनात ते नोट्स बसलं होतं. त्याने १९८४ मध्ये स्वतःची छोटी कंपनी काढली आणि १९८९ मध्ये लोटस नोट्स बाजारात आलं, कंपन्यांसाठी. त्यात एक युक्ती होती, ती आपल्या डोंगराळ भागातल्या बायांना लगेच कळेल. त्या काळी सगळीकडे सतत नेटवर्क नव्हतंच. म्हणून प्रत्येक कचेरीत वहीची एक प्रत ठेवायची. तिथे दिवसभर काम करायचं, आणि नंतर टेलिफोनच्या तारेवरून प्रती एकमेकींशी जुळवायच्या. दोन ठिकाणी एकाच नोंदीत वेगवेगळा बदल झाला असेल, तर यंत्र एक ठेवून दुसरी गुपचूप फेकत नसे. दोन्ही दाखवून म्हणायचं, इथे मेळ बसत नाही, तुम्ही ठरवा. आजही रेंज नसलेल्या वाडीवर नोंद भरून खाली बाजाराच्या गावी आल्यावर ती पाठवतात, तेव्हा हीच युक्ती काम करत असते. आणि ॲप मेळ न बसल्याचं सांगतं की नाही, हे विचारायलाच हवं.

लोटस नोट्सची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वांडा ऑर्लिकोव्स्की या अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतल्या अभ्यासक. एका मोठ्या सल्लागार कंपनीने हजारो लोकांच्या संगणकावर नोट्स बसवलं होतं, तिथे त्या जाऊन बसल्या, लोकांशी बोलल्या. १९९२ मध्ये त्यांचा लेख आला. कंपनीला वाटलं होतं, साधन दिलं की सगळे आपलं ज्ञान एकमेकांना देतील. झालं काय? बढतीसाठी तिथे तरुणांची एकमेकांशी चुरस होती. वर चढलात तर टिकाल, नाहीतर बाहेरचा रस्ता. अशा ठिकाणी आपल्याला ठाऊक असलेलं सगळ्यांच्या वहीत कोण लिहील? शिवाय प्रत्येक तास कुठल्या ना कुठल्या गिऱ्हाइकाच्या बिलात घालायचा असे, आणि नवं साधन शिकायचा तास कुणाच्याच बिलात बसत नव्हता. बहुतेकांनी ते साध्या पत्रापुरतं वापरलं. ज्यांची जागा पक्की होती, त्या वरच्या लोकांनाच त्यात माहिती वाटण्यात काही धोका वाटत नव्हता.

गटात नवं ॲप आलं की आपण एखाद्या तरुण सुनेला म्हणतो, तू शीक आणि कर. तिच्या शिकण्याचे तास कुठे मोजतो आपण? रोजगार बुडवून ती तालुक्याला प्रशिक्षणाला जाते तो दिवस कुणाच्या खात्यात? ऑर्लिकोव्स्कींच्या त्या मोठ्या पगाराच्या साहेबांची अडचण आणि आपल्या सुनेची अडचण एकच आहे, फक्त तिच्याकडे बिल पाठवायला गिऱ्हाईकही नाही.

लोटस नोट्स पुढे आयबीएमने ३५० कोटी डॉलरला लोटस कंपनी विकत घेतली तेव्हा, म्हणजे १९९५ मध्ये, त्यांच्याकडे गेलं. २०१९ मध्ये ते आपल्या भारतातल्या नोएडाच्या एचसीएल कंपनीकडे आलं. इलिनॉयच्या पोराची वही अशी फिरत फिरत इकडे पोचली.

वूलीने दुसऱ्याच्या नोंदीला हात लावू दिला नाही. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या प्रोग्रामरने नेमकं उलटं केलं. त्याने असं पान काढलं की कुणीही त्यात कुणाचंही लिखाण बदलावं. नाव दिलं विकी. हवाई बेटांच्या भाषेत 'विकीविकी' म्हणजे झटपट, आणि होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचं ते नाव त्याच्या लक्षात राहिलं होतं. याच कल्पनेवर २००१ मध्ये विकिपीडिया उभा राहिला, आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनाला, मराठी विकिपीडिया सुरू झाला. आता तुम्ही म्हणाल, मग डस्टर परत आला की! आला, पण त्याने पुसलेलं नाहीसं होत नाही. मराठी विकिपीडियाच्या कुठल्याही पानावर 'इतिहास पहा' असं लिहिलेलं असतं. ते दाबलं की कुणी, कुठल्या दिवशी, काय बदललं ते सगळं ओळीने दिसतं, आणि जुनं पान परत आणता येतं. आपल्या वहीतली एक आडवी रेघ ती हीच, खालचं वाचता येईल अशी.

गूगल शीटची जातकुळीही याच घरातली. २००५ मध्ये तिघांनी मिळून रायटली नावाचं साधन काढलं, त्यांत क्लॉडिया कार्पेंटर या एक बाई होत्या. एकच मजकूर अनेकांनी आपापल्या घरून लिहायचा. २००६ मध्ये गूगलने ते विकत घेतलं, त्यातून गूगल डॉक्स झालं. गूगलच्या कागदांतही जुन्या आवृत्त्या पाहता येतात. शीटमध्ये काही रकाने कुलूपबंद करता येतात, आणि कुणाला फक्त बघायची परवानगी देता येते. पण शीट ज्या मुलीच्या खात्यावर उघडली, त्या खात्याची ती असते. तिचं लग्न ठरलं, फोन बदलला, पासवर्ड विसरला, की गटाचा हिशेब तिच्यासोबत सासरी गेला. गटाच्या नावाचं वेगळं खातं काढून त्याचा पासवर्ड पेटीत ठेवायला दहा मिनिटं लागतात. ते आधी करा आणि मग आकडे भरा.

कंपन्या तरी सासरी जात नाहीत असं नाही. गूगलनेच २००९ मध्ये वेव्ह नावाचं एकत्र कामाचं मोठं साधन वाजतगाजत आणलं आणि पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, त्याचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. परदेशातल्या मुलांशी बोलायला कितीतरी घरांत जे स्काइप होतं, ते मे २०२५ मध्ये बंद झालं.

आता स्लॅकचं नाव. हे शहरातल्या कचेऱ्यांत फार चालतं, आणि काही संस्थांमार्फत गावापर्यंतही येतं. याचा जन्म गमतीशीर आहे. स्टुअर्ट बटरफिल्ड आणि त्याचे सोबती एक ऑनलाइन खेळ करत होते, ग्लिच नावाचा. माणसं वेगवेगळ्या शहरांत, म्हणून आपसात बोलायला त्यांनी एक साधन करून घेतलं. खेळ चालला नाही, २०१२ च्या शेवटी बंद केला. उरलं ते साधन, आणि २०१४ पासून तेच विकायला काढलं. स्लॅक हे नाव ज्या इंग्रजी शब्दांवरून केलं, त्यांचा अर्थ साधारण असा : सगळ्या बोलण्याची आणि माहितीची, शोधता येणारी नोंद. नाव फार छान. पण २०२२ मध्ये फुकट वापरणाऱ्यांना फक्त शेवटच्या ९० दिवसांचं बोलणं दिसेल असं ठरलं, आणि २०२४ पासून वर्षापेक्षा जुनं फुकट खात्यातून पुसलं जाऊ लागलं. बचत गटाचं कर्ज बारा महिन्यांत फिटतं असं कुणी म्हणेल का? जुन्या नोंदीची गरज भांडणाच्या दिवशी पडते, आणि ते भांडण दोन वर्षांनीही निघतं.

२०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने टीम्स आणलं आणि आपल्या नेहमीच्या ऑफिस संचाबरोबर जोडून दिलं. स्लॅकने त्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन जरा टोमणे मारतच स्वागत केलं, आणि २०२० मध्ये युरोपात तक्रार केली की हे असं गळ्यात बांधून देणं बरोबर नाही. पुढे स्लॅकच सेल्सफोर्स या कंपनीने जवळपास २,७७० कोटी डॉलरला विकत घेतलं. हे सांगायचं कारण, कुठलं साधन टिकेल याचा निकाल कित्येकदा साधनाच्या गुणावर लागत नाही. युरियाच्या गोणीबरोबर दुकानदार दुसरंच औषध गळ्यात मारतो, तसा तो व्यवहार असतो.

राहिलं आपलं व्हॉट्सॲप. २००९ चं, आणि ग्रुपची सोय २०११ ची. निरोपासाठी याच्यासारखं दुसरं नाही. आवाज पाठवता येतो, त्यामुळे अक्षर न येणारी मैत्रीणही बरोबरीने बोलते, आणि हा गुण वर सांगितलेल्या कुठल्याच महागड्या साधनात इतक्या सहज मिळाला नव्हता. म्हणून त्याला नावं ठेवायची नाहीत. पण हिशेबाची वही म्हणून ते कच्चं आहे. २०१७ पासून पाठवलेलं सगळ्यांकडून पुसता येतं. २०२२ पासून ॲडमिनला दुसरीचाही निरोप पुसता येतो. पुसल्याची खूण राहते, पण काय लिहिलं होतं ते राहत नाही. २०२३ पासून पंधरा मिनिटांच्या आत लिहिलेलं बदलता येतं. बदलल्याचं दिसतं, आधीचा आकडा दिसत नाही. विकिपीडियात जुनं वाचता येतं आणि व्हॉट्सॲपमध्ये येत नाही, हा फरक दोनशे रुपयांच्या हप्त्यावरून बोलाचाली झाली की कळतो. बैठक ग्रुपवर बोलवा, आकडे मात्र वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका. फोटो पंधरा फोनांत गेला की तो बदलणं कुणाच्या हातात राहत नाही.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तिथून आपल्या वहीला बँकेत किंमत आली. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र नियमित लेख्यांचं आहे ते उगाच नाही. २०१५ मध्ये नाबार्डनेच ई-शक्ती नावाने गटांचे हिशेब संगणकावर आणायला घेतले. सुरुवातीला दोनच जिल्हे निवडले होते, झारखंडमधला रामगढ आणि आपला धुळे. त्यातली मला पटलेली बाब ही, की नोंद झाली की बाईच्या फोनवर तिच्या भाषेत निरोप येई, तुझी बचत इतकी, कर्ज इतकं. म्हणजे वही पेटीतून गेली, तरी आपली ओळ आपल्याला दिसत राहिली. आता लोकोस आहे. त्यात नोंद साधारणपणे एकीच्याच फोनवरून होते आणि बँक, ग्रामसंघ, वरची कचेरी सगळे ती पाहतात. आपल्या गटातल्या प्रत्येकीला ती दिसते का, हे मात्र गटागटाने विचारून घ्यायला हवं. फोनवर निरोप येतो म्हणावं, तर कितीजणींचा नोंदवलेला नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा आहे? त्याच्या फोनवर आलेला आकडा तिच्यापर्यंत संध्याकाळी येतो, कधी येतच नाही, आणि कधी नको तिथे आधी पोचतो.

हे बदलायला नवं ॲप लागत नाही. पुढच्या बैठकीला सीआरपी ताई आल्या की नोंद पुढे पाठवण्याआधी त्यांना फोनवरून एकेकीचं नाव आणि आकडा मोठ्याने वाचायला सांगा, आणि सचिवांनी समोर कागदाची वही उघडून बोट ठेवून ऐकावं. दहाजणींच्या गटाला दहा-पंधरा मिनिटं लागतील. जिचा नंबर दुसऱ्याच्या नावावर आहे, तिने त्याच दिवशी सांगून तो बदलून घ्यावा.